फुगवटा टिकला पाहिजे: जठराच्या कॅन्सरखाली टोचल्या जाणाऱ्या द्रावणाची गोष्ट

भाजल्यावर कातडीवर फोड येतो तेव्हा काय होतं, ते आठवून पाहा. वरची पातळ कातडी खालच्या थरापासून सुटते आणि मधल्या जागेत पाणी भरतं. अशा फोडाला वरून सुई लावली तरी दुखत नाही, कारण सुई आणि खालचं जिवंत मांस यांच्यामध्ये पाण्याची गादी असते. जठराचा अगदी सुरुवातीचा कॅन्सर पोट न उघडता, दुर्बिणीतून काढताना डॉक्टर असाच एक फोड मुद्दाम तयार करतात.

पेशंटला या प्रक्रियेची माहिती देताना सुरीबद्दल बोललं जातं, भुलीबद्दल बोललं जातं, रक्तस्रावाच्या शक्यतेबद्दलही बोललं जातं. फोडात भरायच्या पाण्याचा विषय सहसा निघत नाही. मला मात्र ते पाणी सुरीइतकंच महत्त्वाचं वाटतं. ते किती उंच उचलतं, किती वेळ टिकतं, बारीक सुईतून जातं का, आणि काम झाल्यावर शरीरातून निघून जातं का, या प्रश्नांवर डॉक्टरांच्या दोन-तीन पिढ्यांनी डोकं लढवलं आहे.

आधी जागा समजून घेऊ. जठर हवेने ताणलेलं असताना त्याची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाडीची असते, आणि तेवढ्यातही तिला थर असतात. सगळ्यात आत, अन्नाला लागून, म्यूकोसा नावाचं अस्तर. त्याची जाडी साधारण एक मिलिमीटर. कॅन्सर सुरू होतो तो इथेच. त्याखाली सबम्यूकोसा, म्हणजे सैल, जाळीदार तंतूंचा थर. यातून रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या, म्हणजे लिम्फ नावाचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, जातात. त्याखाली अन्न घुसळणारा स्नायूंचा थर, आणि सगळ्यात बाहेर एक पातळ आवरण. स्नायूंचा थर आरपार कापला गेला की जठराला भोक पडतं आणि आतली हवा व पाचकरस थेट पोटाच्या पोकळीत जातात. त्यामुळे सुरी फिरवायची ती सबम्यूकोसातच. अडचण अशी की एरवी हा थर इतका दबलेला असतो की सुरीला तिथे वावच नसतो. पण तो सैल आहे, म्हणून पाणी धरतो. टाचलेल्या दोन कापडांच्या मध्ये कापूस भरावा तसं तिथे द्रावण भरलं की वरचं अस्तर कॅन्सरसकट उचललं जातं आणि स्नायू खाली राहतो.

सुरुवातीचा कॅन्सर म्हणजे कोणता, याची व्याख्या जपानी डॉक्टरांनी १९६२ मध्ये ठरवली: म्यूकोसा किंवा सबम्यूकोसापर्यंतच पोहोचलेला, त्याखाली न उतरलेला. पण अशी प्रत्येक गाठ दुर्बिणीतून काढून चालत नाही. कॅन्सरच्या पेशी जवळच्या लसीका ग्रंथींमध्ये गेल्या असतील, तर अस्तराचा तुकडा काढून उपयोग नाही. कोणत्या गाठींमध्ये हा धोका नगण्य असतो? जपानमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या ५,२६५ पेशंटांच्या नोंदी तपासून २००० साली याचं उत्तर प्रसिद्ध झालं. गाठीचा आकार, तिच्या पेशी मूळ पेशींशी कितपत मिळत्याजुळत्या आहेत, तिच्यात अल्सर आहे का आणि ती किती खोल गेली आहे, यावर निर्णय ठरू लागला. या नोंदींवरून असंही दिसलं की, बाकीच्या अटी पाळल्या जात असतील तर, गाठ सबम्यूकोसात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी उतरलेली असली तरी धोका फार कमी असतो. हा अर्धा मिलिमीटर लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

अस्तराखाली पाणी भरण्याची कल्पना जठरापासून सुरू झाली नाही. १९५५ मध्ये नॉर्मन रोझेनबर्ग या सर्जनने गुदाशय आणि त्यावरच्या आतड्यातल्या गाठी जाळण्याआधी त्यांच्याखाली सलाइन टोचायला सुरुवात केली. खालची भिंत भाजू नये एवढाच हेतू होता. आज वापरतात तशी लवचीक दुर्बीण तेव्हा आलेलीही नव्हती. पुढे १९७३ मध्ये मोठ्या आतड्यातल्या पसरट गाठी काढताना हीच युक्ती वापरली गेली. जठराच्या कॅन्सरसाठी ती नेली जपान्यांनी. १९८४ मध्ये तादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सलाइनने उचललेलं अस्तर तारेच्या फासात पकडून कापण्याची पद्धत मांडली. फासाची एक मर्यादा होती: दोन सेंटिमीटरहून मोठी गाठ त्यात एकसंध मावणं कठीण. तुकड्यातुकड्यांनी काढावी तर कडेला काही राहिलं का, ते सांगता येत नाही. म्हणून १९९० च्या दशकाच्या शेवटी जपानच्या राष्ट्रीय कॅन्सर केंद्रात टोकाला चिनी मातीचा छोटा गोळा बसवलेली विद्युत सुरी आली. तो गोळा वीज वाहू देत नाही, त्यामुळे टोक खाली टेकलं तरी स्नायू कापला जात नाही. आता गाठीभोवती गोल चीर घेऊन खालचा सबम्यूकोसा सोलत जाता येऊ लागलं. या पद्धतीचं इंग्रजी नाव मोठं आहे, एंडोस्कोपिक सबम्यूकोसल डिसेक्शन; सगळे तिला ईएसडी म्हणतात.

फास एका झटक्यात बसतो. फुगवटा दोन मिनिटं टिकला तरी काम होऊन जायचं. ईएसडीला मात्र कधी एक तास लागतो, कधी तीन. सुरी बदलली आणि फुगवट्यात काय भरायचं हा प्रश्न एकदम मोठा झाला.

हे काम जवळून कसं दिसतं? डॉक्टर दुर्बिणीतून आत पाहतात आणि गाठीच्या कडेपासून काही मिलिमीटर बाहेर सुरीच्या टोकाने ठिपक्यांची खूण करतात, कारण द्रावण भरल्यावर अस्तर ताणलं जातं आणि गाठीची खरी हद्द हरवते. मग दुर्बिणीच्या नळीतून जवळजवळ दोन मीटर लांबीची प्लास्टिकची बारीक नळी आत जाते. तिच्या टोकाला लपवलेली सुई असते. नळीचं दुसरं टोक सिरिंजला जोडलेलं, आणि सिरिंज सहायकाच्या हातात. डॉक्टर सुई टोचतात, ‘सोडा’ म्हणतात, सहायक अंगठ्याने दट्ट्या दाबतो. सुई बरोबर थरात असेल तर पहिल्या थेंबाबरोबरच अस्तर टरारून वर येतं. सुई उथळ लागली तर अस्तराच्या आतच एक छोटा, फिकट, कडक फुगा दिसतो. ती भिंतीच्या आरपार गेली असेल तर दट्ट्या सहज पुढे जातो आणि पडद्यावर काहीच होत नाही. द्रावण पोटाच्या पोकळीत चाललेलं असतं. अनुभवी सहायकाला पडद्याकडे बघायच्या आधीच अंगठ्यावरच्या दाबावरून हे कळतं. गाठीच्या मधोमध सुई खुपसणं टाळतात, कॅन्सरच्या पेशी सुईबरोबर खाली जाऊ नयेत म्हणून. आणि पहिलं टोचणं कुठे करायचं यालाही महत्त्व आहे. गाठीच्या पलीकडच्या बाजूला आधी भरलं तर ती दुर्बिणीकडे कलते. अलीकडे आधी भरलं तर ती उंचवट्यामागे लपून बसते.

आता द्रावणांकडे येऊ. सगळ्यात साधं म्हणजे सलाइन, पाण्यात ०.९ टक्के मीठ. स्वस्त, सगळीकडे मिळणारं, निर्धोक, आणि पाण्याइतकं पातळ असल्याने सुईतून सहज जाणारं. दोष एकच: ते थांबत नाही. सबम्यूकोसा हा बंद कप्पा नाही. द्रावण तंतूंच्या जाळीतून बाजूला सरकतं, आणि बारीक रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्या ते शोषून घेतात. सलाइनची खारटपणाची पातळी रक्ताच्या जवळची असल्याने त्याला जागेवर धरून ठेवणारं काहीच नसतं. काही मिनिटांत उंचवटा पसरट होतो आणि पुन्हा टोचावं लागतं. एकदा गोल चीर पडली की गळती आणखी वाढते.

यावर दोन मार्ग निघाले. पहिला, द्रावण आजूबाजूच्यापेक्षा जास्त खारट किंवा गोड करायचं. मग ते ऊतींमधून पाणी स्वतःकडे ओढतं आणि फुगवटा टिकतो. १९८० च्या दशकात हिराओ या जपानी डॉक्टरांनी जास्त खारट सलाइनमध्ये ॲड्रेनलीन हे रक्तवाहिन्या आकसवणारं औषध मिसळून जठराच्या गाठी काढल्या. साखरेचं म्हणजे डेक्स्ट्रोजचं घट्ट द्रावणही वापरलं गेलं. टिकाऊपणा वाढला, पण पाणी ओढणं शेवटी शेजारच्या पेशींना सुकवणं असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत घट्ट साखरेने ऊतींना इजा होते, असं दिसलं. ज्या जखमेने भरून यायचं आहे तिलाच आपण आधी होरपळवतो, हे मला या मार्गाचं खरं दुखणं वाटतं. जपानमध्ये ग्लिसिओल नावाचं मिश्रण बरंच चाललं: १० टक्के ग्लिसरीन, ५ टक्के फ्रुक्टोज, आणि मीठ. मेंदूवरची सूज उतरवण्यासाठी ते शिरेतून देतात, म्हणून रुग्णालयात ते आधीपासून असायचंच.

दुसरा मार्ग द्रावण घट्ट, चिकट करण्याचा. मध जसा हळूहळू पसरतो तसंच चिकट द्रावण तंतूंच्या जाळीतून हळू सरकतं. इथे सगळ्यात मोठं नाव हायलुरॉनिक ॲसिडचं. १९३४ मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ते गाईच्या डोळ्यातल्या काचेसारख्या पारदर्शक द्रवातून वेगळं केलं. ग्रीक भाषेत काचेला ‘हायलोस’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. आपल्या सांध्यांत, कातडीत, डोळ्यात ते असतंच. लांबच लांब साखळीचा हा रेणू स्वतःभोवती भरपूर पाणी धरून ठेवतो. दुखणाऱ्या गुडघ्यात टोचण्यासाठी आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत ते वापरलं जातच होतं. हिरोनोरी यामामोतो यांनी १९९९ मध्ये ते अस्तराखाली टोचून गाठी काढण्याची पद्धत मांडली. पुढे फक्त याच कामासाठी ०.४ टक्क्यांचं तयार द्रावण म्यूकोअप या नावाने जपानमध्ये मिळू लागलं.

हायलुरोनेटची, म्हणजे याच ॲसिडच्या क्षाररूपाची, मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्याचा स्वभाव. ते दाबाखाली वाहायला लागलं की पातळ होतं आणि थांबलं की पुन्हा घट्ट. लांब साखळ्या वाहताना एका दिशेने लागतात आणि एकमेकींवरून सरकतात. प्रवाह थांबला की त्या पुन्हा एकमेकींत गुंततात. सुईत पातळ आणि सबम्यूकोसात घट्ट, नेमकं हेच तर हवं होतं. तरीही सलाइनच्या तुलनेत दट्ट्या जोर लावून दाबावा लागतो. याला भौतिकशास्त्राचा एक कडक नियम कारण आहे. दाब तोच असताना नळीचा आतला व्यास निम्मा केला, तर त्यातून जाणारं द्रावण सोळा पटीने कमी होतं. सुई जाड केली तर टोचलेल्या भोकातून द्रावण परत बाहेर येतं. म्हणून बारीक सुई आणि फार चिकट नसलेलं द्रावण यांचा मेळ घालावा लागतो.

तुलनात्मक अभ्यासांत हायलुरोनेटने फुगवटा सलाइनपेक्षा जास्त वेळ टिकतो आणि पुन्हा पुन्हा कमी टोचावं लागतं, असं दिसून आलं आहे. महाग असणं हा त्याचा मोठा तोटा. उंदरांवरच्या एका प्रयोगामुळे आणखी एक शंका आली होती: जखमेच्या जागी कॅन्सरच्या पेशी राहिल्या असतील तर हायलुरॉनिक ॲसिड त्यांच्या वाढीला हातभार लावेल का? माणसांमध्ये तसं सिद्ध झालेलं नाही. गाठ कडेला निरोगी अस्तर ठेवून पूर्ण काढणं हाच त्या शंकेवरचा खरा उपाय आहे.

पर्याय शोधताना लोकांनी बरीच कपाटं धुंडाळली. कृत्रिम अश्रूंमध्ये असतं ते हायड्रॉक्सिप्रोपिल मेथिलसेल्युलोज, झाडांच्या तंतूंपासून बनवलेलं आणि स्वस्त. रक्त कमी झालेल्या पेशंटला शिरेतून देतात ते जिलेटिनचं आणि स्टार्चचं द्रावण. तपकिरी समुद्रशैवालापासून काढलेलं सोडियम अल्जिनेट. अल्जिनेटचं तर अल्सरवर पिण्याचं औषध जपानमध्ये आधीपासून होतं. त्याचं ०.६ टक्क्यांचं द्रावण आता अस्तराखाली टोचण्यासाठीही मिळतं. पेशंटचं स्वतःचं रक्तही वापरून झालं. रक्त चांगलं टिकतं, पण सुरीच्या टोकासमोर सगळं लालभडक असताना नवा रक्तस्राव कसा ओळखणार? मला तो मार्ग कधीच पटला नाही.

एक व्यावहारिक बदलही झाला आहे. अलीकडच्या काही सुऱ्यांच्या टोकातूनच द्रावण सोडता येतं. सुरी बाहेर काढा, सुई घाला, टोचा, सुई काढा, पुन्हा सुरी घाला, हा सगळा द्राविडी प्राणायाम वाचतो. पण त्या बारीक वाटेने पातळ द्रावणच नीट जातं. म्हणून सुरुवातीला सुईने चिकट द्रावण भरून भक्कम गादी करायची आणि पुढे सोलताना सुरीच्याच टोकातून सलाइनची भर घालत राहायची, असं अनेक ठिकाणी करतात. ज्या सलाइनला टिकत नाही म्हणून नावं ठेवली, तेच हवं तेव्हा लगेच देता येतं म्हणून परत आलं.

द्रावणात आणखी दोन गोष्टी मिसळतात. एक म्हणजे निळा रंग, बहुधा इंडिगो कार्माइन. त्याने सैल सबम्यूकोसा आकाशी दिसतो आणि स्नायू पांढुरका राहतो. सोलताना समोर निळं दिसतंय तोवर तुम्ही बरोबर थरात आहात. निळ्यामध्ये अचानक पांढरा चट्टा दिसला तर हात तिथेच थांबला पाहिजे. इतक्या साध्या रंगाने भोक पडण्याचे किती प्रसंग टाळले असतील, हे मोजता येणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे अगदी थोडं ॲड्रेनलीन, साधारण एक लाखात एक भाग किंवा त्याहूनही पातळ. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं आणि द्रावणही हळू शोषलं जातं. हृदयविकार असलेल्या पेशंटमध्ये ते जपून वापरावं लागतं. म्हणून हृदयाचा आजार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि कसलीही ॲलर्जी, हे सगळं पेशंटने आधीच सांगायला हवं.

कधी कधी द्रावण कोणतंही घ्या, अस्तर उचललंच जात नाही. गाठीच्या कडेने फुगवटा येतो आणि गाठ मध्येच खळगी पडल्यासारखी खाली राहते. याची दोन कारणं असू शकतात. कॅन्सर खोल उतरून खालच्या थराला चिकटला असेल, किंवा जुन्या अल्सरमुळे अथवा आधी घेतलेल्या बायोप्सींमुळे तिथे व्रण तयार होऊन सैल जाळीचं चामड्यासारखं घट्ट ऊतक झालं असेल. व्रणात पाणी शिरायला जागा नसते. म्हणून दुर्बिणीतून काढण्याजोगी गाठ दिसली की तिच्यातून विनाकारण पुन्हा पुन्हा तुकडे घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. तपासणीचा प्रत्येक जादा चिमटा पुढच्या माणसाचं काम अवघड करतो.

२०१७ मध्ये अमेरिकेत एलेव्ह्यू नावाचं, रंग मिसळलेलं तयार द्रावण मंजूर झालं. त्यानंतर ओराइज नावाचं जेलही आलं. काही जेल इतकी छान टिकतात की फुगवटा बराच वेळ हलत नाही. ओराइजबद्दल पॅथॉलॉजिस्टांना, म्हणजे काढलेल्या ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या डॉक्टरांना, मात्र वेगळंच काही दिसलं. जेल टोचल्यानंतर काही काळाने त्या जागेचा भाग शस्त्रक्रियेने काढला, तर सूक्ष्मदर्शकाखाली तिथे गुलाबीसर, निराकार पदार्थ साठलेला आणि त्याच्याभोवती शरीराच्या मोठमोठ्या भक्षक पेशींचा घेराव. जेल टोचल्याची माहिती नसेल तर हा पदार्थ दुसऱ्याच आजाराचा वाटू शकतो, किंवा कॅन्सरने सोडलेल्या चिकट स्रावासारखा. टिकाऊपणाच्या मागे लागताना ‘किती वेळ टिकावं’ याच्याबरोबर ‘कधी जावं’ हाही प्रश्न विचारला पाहिजे, हे तिथे कळलं. काय टोचलं त्याचं नाव पॅथॉलॉजिस्टच्या कागदावर लिहिलेलं असावं, हा साधा नियम त्यातूनच येतो.

पॅथॉलॉजिस्टचा इथे संबंध काय, असं वाटेल. खरा निकाल त्याच्याच टेबलावर लागतो. काढलेलं अस्तर बाहेर आलं की आकसायला लागतं, म्हणून ते लगेच पसरून टाचण्यांनी पाटीवर ताणून बसवतात आणि फॉर्मलिनमध्ये ठेवतात. मग दोन-दोन मिलिमीटरवर त्याचे काप करतात. प्रत्येक कापात वरून म्यूकोसा, खाली सबम्यूकोसाची पट्टी. पेशी त्या पट्टीत किती खाली गेल्या, अर्ध्या मिलिमीटरच्या आत की पलीकडे, हे मोजलं जातं. सगळ्यात खालची कापलेली कड स्वच्छ आहे का, तेही पाहतात. फुगवटा नीट असेल तर सुरी सबम्यूकोसाच्या खालच्या भागातून जाते आणि मोजायला पुरेशी पट्टी मिळते. तो अर्धवट बसलेला असेल तर सुरी गाठीला खेटून जाते. कड संशयास्पद ठरते, आणि कदाचित निष्कारण मोठी शस्त्रक्रिया सुचवावी लागते. त्या काही मिलिलीटर द्रावणाचा परिणाम पेशंटचं जठर शाबूत राहतं की नाही, इथपर्यंत पोहोचू शकतो.

कापल्या जागी मोठा अल्सर राहतो. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेतल्यावर तो साधारण आठ आठवड्यांत भरून येतो. त्यानंतर पुन्हा दुर्बीण आत गेली की तिथे एक फिकट, ताऱ्यासारखी खूण दिसते. निळा रंग केव्हाच गेलेला असतो, द्रावणही. डॉक्टर त्या खुणेभोवती बारकाईने पाहतात आणि मग बाकीचं सगळं अस्तर तपासतात, कारण ज्या जठरात एकदा कॅन्सर झाला तिथे दुसऱ्या जागी नवा उगवू शकतो. म्हणून ही दुर्बीण वर्षातून एकदा तरी पुन्हा घालायची असते.